काळा राजा कसा पडतो

आमच्या छावणीतल्या चर्चच्या नाताळच्या नाटकात दर वर्षी एक राजा पडतो. पूर्वेकडून तीन राजे येतात, बाळापुढं गुडघे टेकतात, भेटी ठेवतात. पहिला नीट येतो, दुसरा नीट येतो, आणि तिसरा, म्हणजे काळा राजा, स्वतःच्याच झग्यात पाय अडकून सपशेल आपटतो. हातातली डबी घरंगळत पुढच्या रांगेत जाते, मुकुट भलतीकडंच, आणि मांडवात असा काही हशा होतो की गव्हाणीत ठेवलेलं कुणाचं तरी तान्हं लेकरू दचकून भोकाड पसरतं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. आम्हाला नाही वाटत. चर्चच्या आवारातच शाळा, नाटकातली पोरं शाळेचीच, आणि दिवाळीची सुट्टी संपली की पोरांमध्ये एकच चर्चा: यंदा पडणार कोण?

ज्याला राजा करायचं त्याच्या तोंडाला काजळ फासतात. म्हणून शक्यतो आधीच सावळं पोरगं निवडायचं, म्हणजे काजळ कमी लागतं. हा हिशेब इतका जुना आहे की तो कुणाला हिशेब वाटतच नाही.

मी त्या शाळेत इतिहास शिकवते, आणि मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याच गळ्यात मारलेला आहे. माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्या शाळेला माहीत आहे. शिपाईमामासुद्धा माझा चेहरा बघूनच घंटा द्यायची की नाही ते ठरवतात. नाटक मात्र माझ्या हातात नाही. ते माझी थोरली बहीण बसवते. आक्का या शाळेची मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली, खुर्ची सोडली, पण नाटक काही सोडलं नाही. पाळकसाहेबसुद्धा ती आली की उठून उभे राहतात.

गेल्या नाताळच्या वेळी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील आफ्रिकेतून इथल्या विद्यापीठात संशोधन करायला आले, ते झाल्यावर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागले, आणि राहिले. पोरगी इथंच घाटी दवाखान्यात जन्मली आणि हर्सूलला वाढली. पहिल्याच दिवशी हात वर करून म्हणाली, "मॅडम, फळा लई चमकायलाय, हिकडून काहीच दिसंना." वर्ग हसला. मधल्या सुट्टीत आमच्या स्टाफरूममध्ये त्याचंच कौतुक. "अगं बाई, तिला मराठी येतं!" मी म्हटलं, "हर्सूलची पोरगी आहे. मराठी नाही येणार तर काय फ्रेंच येणार?" त्यावर सगळे चहा प्यायले.

मंडळीत त्यांचं नाव 'आफ्रिकावाले'. आफ्रिकेतल्या कुठल्या देशाचे, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नव्हतं. टांझानिया, हे मला त्या मुलीनंच सांगितलं. उपासनेला ते शेवटच्या बाकावर बसायचे, आणि त्या बाकावरच्या उरलेल्या जागा सगळ्यात शेवटी भरायच्या. उपासना सुटली की बायका पोरीभोवती जमायच्या. "हात लावू का गं केसांना? अय्या, मऊ आहेत की!" ती मान खाली घालून उभी राहायची. प्रेमानंच चालायचं सगळं, त्यात खोटं काही नाही, पण मला ते बघवत नसे आणि मी चप्पल शोधायच्या निमित्तानं बाहेर पडायचे.

तिचा आवाज खणखणीत. शास्त्रपाठ वाचायला उभी राहिली की पंखा बंद करावा लागत नसे. नाटकाची चर्चा सुरू झाली तशी एक दिवस जिन्यात मला अडवून म्हणाली, "मॅडम, मोठ्या मॅडमला सांगता का? मला देवदूत व्हायचंय." आणि तिथंच, एका पायरीवर उभं राहून, देवदूताचं सगळं भाषण म्हणून दाखवलं. मेंढपाळांना भिऊ नका म्हणतो तिथपासून शेवटपर्यंत. एक शब्द चुकला नाही. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "कुणीच नाय. दर वर्षी मागं बसून ऐकतेच की."

मी म्हटलं, सांगते. आणि मनात म्हटलं, ह्यात न होण्यासारखं काय आहे?

त्याच आठवड्यात माझा वर्णभेदाचा धडा आला. हा धडा पोरांना आवडतो, कारण सोपा आहे. वाईट माणसं लांबच्या देशातली, आणि ती हरतात. व्याख्या मी फळ्यावर लिहिली, पोरांनी उतरवून घेतली. मूल्यशिक्षणातही हेच: प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे, म्हणून कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही. पाच मार्कांचा प्रश्न. आमच्या शाळेत तो कुणाचा चुकत नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून सहज गेलं, "मग आपल्याकडं आहे का रे असं काही?"

"नाही मॅडम!" अख्खा वर्ग एका सुरात. ती मुलगीही. तिचा आवाज तर सगळ्यांच्या वर.

तास संपल्यावर वह्या गोळा करताना मी तिला हळूच विचारलं, "तू पण नाही म्हणालीस?"

"मग काय म्हणू? व्हय म्हणलं असतं तर सगळे माझ्याकडंच बघितले असते."

मी वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून उभी राहिले. इतकी वर्षं शिकवतेय, पण ह्या वाक्याचं काय करायचं ते मला कळेना. विषय काढला तर तो त्या पोरीच्या अंगावर जातो, नाही काढला तर तिच्या पाठीमागं चालूच राहतो. असा धडा शिकवायचा तरी कसा? आजही मला नीट उत्तर सापडलेलं नाही, आणि ज्याला सापडलंय असं वाटतं त्याच्याशी मला भांडावंसं वाटतं.

तालमीच्या पहिल्या दिवशी आक्कानं पात्रं वाचून दाखवली. देवदूत: आमच्या खजिनदारांची नात. पोरगी गुणी, दुधासारखी गोरी, पण आवाज असा की पहिल्या रांगेलाही कान टवकारावे लागावेत. काळा राजा: ती. आणि आक्का, चष्मा कपाळावर सरकवत, हसून म्हणाली, "यंदा काजळाचा खर्च वाचला बघा."

सगळे हसले. शिक्षिका हसल्या, पोरं हसली, पेटीवाले काका हसले. आणि सगळ्यांकडं एकदा बघून घेऊन तीही हसली. मला सगळ्यात जास्त राग तिच्या हसण्याचा आला. तिला कानाला धरून बाहेर न्यावं आणि सांगावं, हसू नकोस गं मूर्खे, असं वाटलं.

संध्याकाळी मी तडक आक्काकडं गेले. ती एकटीच राहते. ओट्यावर नाताळच्या करंज्यांचा पसारा होता. तिनं मला बघितलं, कातणं माझ्या हातात दिलं, आणि लाटायला घेतलं.

"आक्का, देवदूत गोराच असतो हे कुठं लिहिलंय?"

"कॅलेंडरावर बघ."

"कॅलेंडर मरू दे. शास्त्रात दाखव. शास्त्रात तर राजेसुद्धा नाहीत, ज्ञानी लोक आहेत. तीन होते असंही लिहिलेलं नाही. काळा तर कुठंच नाही. आणि पडतो तर मुळीच नाही!"

"कड नीट काप. सारण बाहेर येतंय."

"त्या पोरीला देवदूत व्हायचंय. तिला सगळं पाठ आहे. तुझ्या देवदूताचा आवाज तुला तरी ऐकू येतो का?"

आक्कानं लाटणं ठेवलं. "हे बघ, मला अक्कल शिकवू नकोस. ती पोरगी मागच्या बाकावर बसते. कुणी तिच्याशी दोन शब्द बोलत नाही, केस तेवढे चिवडतात. उद्या ती स्टेजवर पडेल, लोक हसतील, आणि परवापासून सगळी मंडळी तिला ओळखेल. राजा म्हणून. मला विचार. मला माहीत आहे."

इथं एक सांगायला पाहिजे. तो पडणारा पहिला राजा म्हणजे आक्काच. चौथीत होती. आक्का आमच्या घरात सगळ्यात काळी, म्हणून राजा. आईनं पलंगपोसाचा झगा शिवला, तो लांब झाला, आणि आक्का खरोखरच पाय अडकून पडली. लोक पोट धरून हसले. त्या वेळचे पाळक इतके खूश झाले की म्हणाले, पुढच्या वर्षीपण असंच पडायचं हं. असा तो रिवाज पडला. आमच्या घरात ही गोष्ट दर नाताळला जेवताना निघते आणि आक्का स्वतःच ती सगळ्यात रंगवून सांगते. आजही मंडळीतली म्हातारी माणसं तिला बघून म्हणतात, "सलाम, राजा!"

"तुला लागलं नव्हतं?" मी विचारलं.

"काय लागायचंय? खाली सतरंजी होती."

"आक्का, तुला बघायला आलेली माणसं..." मी बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"हां. मला बघायला यायची आणि तुला बघून जायची," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "तुला काय गं? तू देवदूत. शाळेत होतीस तोवर तूच देवदूत. पंख लावून वर उभी राहायचीस. तुला कधी कोण हसलं? आणि आता तू मला सांगणार कुणाला काय टोचतं ते?"

खरंच मीच देवदूत असायचे, आणि मला ते फार आवडायचंही. उरलेल्या करंज्या आम्ही दोघींनी केल्या. निघताना तिनं डबा भरून दिला, तो मी रागानं घेतला, पण घेतला.

पाळकसाहेबांकडंही जाऊन आले. भला माणूस आहे. मला खुर्ची दिली, बायकोला चहा टाकायला सांगितलं, आणि म्हणाले, "बाई, सणाच्या तोंडावर कशाला? आपल्यात भेद नाही, हे जगजाहीर आहे."

आपल्यात भेद नाही. ह्या एका वाक्यावर तर आमचं घराणं उभं आहे. माझे आजोबा जालन्याकडच्या एका खेड्यात, गावाबाहेरच्या वस्तीतले. गावानं त्यांना कधी हात लावला नाही. मिशनचे साहेब आले, त्यांनी भर रस्त्यात आजोबांचा हात हातात घेतला, आणि आजोबा त्या हाताच्या मागं निघाले ते थेट ह्या धर्मात आले. ही गोष्ट आजोबा पुन्हापुन्हा सांगायचे. ती खरीच होती. पण त्याच साहेबांच्या बंगल्यावर आजोबांना चहाचा कप वेगळा होता, हे आजोबा सांगत नसत. ते आजी सांगायची, ते उठून गेल्यावर. मला लहानपणी वाटायचं, दोन्हीपैकी एकच गोष्ट खरी असणार. आता वाटतं, मला मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकवायचं असेल तर ह्या दोन्ही गोष्टी एकदम शिकवायला पाहिजेत. पण त्याला पुस्तकात जागा नाही, आणि पाळकसाहेबांच्या दिवाणखान्यात तर नाहीच नाही.

मग राहिली होती पोरीची आई. रविवारी दुपारी मी स्कूटी काढून हर्सूलला गेले. दोन खोल्यांचं घर, दारात कढीपत्ता. आईनं लवंगा घालून चहा केला. ती आमच्याकडची हिंदीच बोलते. मी म्हटलं, तुम्ही नको म्हणा. आई-वडलांनी नको म्हटलं तर आक्कालाही ऐकावं लागेल.

तिनं कप खाली ठेवला. "मॅडम, मैंने बोला उसको, मत कर. तो रोने लगी. बोलती, नाटक में रहना है, गिरना पड़ा तो गिरूँगी. सब बच्चे रहेंगे, वो अकेली मेरे बाजू में बैठेगी क्या?" मग म्हणाली, "यहाँ पैदा हुई. फिर भी लोगाँ पूछते, वापस कब जाते तुम लोग. चर्च में भी पूछते."

तेवढ्यात ती बाहेरून पळत आली. "मॅडम! बघा, मी कशी पडते." आणि अंगणात जुनी गोधडी अंथरून तिनं पडून दाखवलं. दोन पावलं राजासारखी, मान ताठ, मग एकदम धाडकन. उठली, केस झटकले, म्हणाली, "अजून डबी घरंगळना नीट. ती सरळ पाळकसाहेबांपाशी गेली पायजे, तर मजा." पुन्हा पडली. आई दारात उभी राहून बघत होती. मी ओरडले, "पुरे! ऊठ!" दोघीही दचकल्या. एवढं ओरडायचं काही कारण नव्हतं, पण मला तिथं बसवेना. चहा अर्धा टाकून निघाले.

नाटकाच्या संध्याकाळी बोचरी थंडी होती. मांडव गच्च भरलेला, नवे कपडे, शाली, डब्यातल्या फराळाचा वास. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत तिच्या आई-वडलांशेजारी बसले. देवदूत आला. ओठ हलताना दिसले. मेंढपाळ घाबरले नाहीत, कारण त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. मग पहिला राजा, दुसरा राजा.

ती आली तेव्हा पुढची पोरं आधीच खिदळत होती. निळा झगा, सोनेरी कागदाचा मुकुट. मी तिला कधी इतकं ताठ चालताना बघितलेलं नव्हतं. एक क्षण मला वाटलं, ही पडणार नाही. ही चालत जाईल, गुडघे टेकेल, आणि सगळे आ वासून बघत राहतील. देवा, पडू देऊ नकोस, अशी मी खरोखर प्रार्थना केली.

ती पडली. इतकी छान आमच्या स्टेजवर आजवर कुणीच पडलं नसेल. डबी सरळ पाळकसाहेबांच्या बुटांपाशी गेली. मांडव फुटला. मधूनच कुणीतरी ओरडलं, "काजळ वाचलं रे!" आणि हशा आणखी वाढला, आक्काचा विनोद तोवर गावभर झाला होता. माझ्या शेजारी तिची आई मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. वडील टाळ्या वाजवत होते, कारण सगळे वाजवत होते. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

नाटक संपल्यावर मी वर्गात गेले. तिथंच पोरांची रंगरंगोटी चालायची. आक्का बाकावर बसून पंखांच्या पिना काढत होती. तेवढ्यात ती मुलगी मुकुट हातात घेऊन धावत आली, धाप लागलेली, डोळे लखलखत होते.

"मोठ्या मॅडम! चांगलं पडले ना?"

"फार छान पडलीस," आक्का म्हणाली. आणि मग तिची नजर खाली गेली. निळ्या झग्यावर, गुडघ्यापाशी, ओला काळपट डाग होता. "हे काय? सतरंजी नव्हती?"

"दुसऱ्या राजाच्या पायानं सरकली. फरशीवरच पडले."

"लागलं?"

"नाय मॅडम. काहीच नाय लागलं." हसतच म्हणाली. तालमीत हसली होती तसंच.

आक्कानं झगा वर केला. गुडघा चांगलाच सोलवटला होता. तिनं बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक भिजवलं, लावलं, आणि पोरगी चटका बसल्यासारखी मागं सरकली. आक्काचा हात तसाच राहिला. मी दारात उभी होते; तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"लागलं नाही म्हणू नकोस गं," आक्का म्हणाली. तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. "मी म्हणाले. आजवर म्हणतेय. सतरंजी होती म्हणते. नव्हती सतरंजी. कुठं लागलं, सांग मला."

मुलीचं हसू हळूहळू गेलं. तिनं मुकुट बाकावर ठेवला.

"गुडघ्याला थोडं," ती म्हणाली. "आन् सगळे हसले तव्हा लई."

आक्कानं मान हलवली. "व्हय," ती म्हणाली, "तव्हाच."